आम्हाला कुठला सूर?

कार्तिकातला काकडा, बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातलं एक गाव. पेटीवाल्या मामांनी काळी चार, म्हणजे चांगली उंच पट्टी, धरलेली. मागच्या रांगेतला चाळिशीचा गडी टाळ एकदाही चुकत नाही, पण तोंड बंद.

"म्हण की गा!" शेजारचे तात्या म्हणतात.

"आमाला कुठला सूर, तात्या?"

बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली कुमार गंधर्व जन्मले. अशा मुलखात सूर म्हणजे उपजत देणगी, ही समजूत पक्की बसते. पण विज्ञान वेगळं सांगतं. कॅनडातल्या २००५च्या एका पाहणीत सुमारे १७ टक्के विद्यार्थ्यांनी स्वतःला सुराचं अंग नाही असं सांगितलं. त्यांतल्या काहींना तपासलं, तर बहुतेकांचे कान ठणठणीत निघाले. एकूण लोकांत सूर खरोखर न कळणारे जेमतेम दीड टक्का. माँट्रियलच्या एका प्रयोगात, गाणं न शिकलेल्यांना एका साध्या वाद्यावर बोट सरकवून ऐकलेला सूर जुळवायला सांगितलं. तो नेमका जुळला. गळ्यातून काढताना मात्र अनेकदा चुकला.

म्हणजे अडतं ते कान आणि गळा यांच्यामध्ये. सूर चढवायचा तर स्वरतंतू ताणावे लागतात. किती ताणायचे हे मेंदू आवाज निघण्याआधीच ठरवतो, मग स्वतःचा आवाज ऐकून दुरुस्ती करतो. हा अंदाज सायकलच्या तोलासारखा, सरावानेच येतो. अमेरिकेतल्या एका अभ्यासात बालवाडीपासून सहावीपर्यंत मुलं अधिक सुरेल होत गेलेली दिसली, आणि कॉलेजातले तरुण पुन्हा बालवाडीच्या पातळीवर. मधल्या काळात बहुतेकांचं गाणंच सुटलेलं असतं.

मुलग्यांचं तर नेमकं वाईट वेळी सुटतं. तेरा-चौदाव्या वर्षी आवाज फुटतो, जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो, मेंदूचे जुने अंदाज निकामी होतात. त्याच वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनात मला सांगितलं गेलं, "तू नुसते ओठ हलव." पुढची वीस वर्षं मी तेच केलं. थोडा धीर देऊन गात राहू दिलं असतं तर गळा पुन्हा जुळला असता, याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि पट्टी! काळी चार ही बुवांच्या गळ्याची. साध्या पुरुषी गळ्याला तिथला वरचा सा ताणूनही मिळत नाही. आवाज चिरकतो, आणि माणूस समजतो की आपण बेसूर.

काकडा आटोपून चहा आला. पखवाज गवसणीत गेला होता. मामांनी सहज काळी एक धरली, सात पट्ट्या खाली, आणि तोच अभंग पुन्हा घेतला. दुसऱ्या चरणाला मागच्या भिंतीकडून एक जाडसर, सरळ आवाज आला. तात्यांनी मान वळवली नाही. नुसता टाळ हळू केला.