दात किडणे (दंतक्षय)

तोंडातल्या जिवाणूंनी तयार केलेल्या आम्लामुळे दाताचा कठीण भाग हळूहळू विरघळत जातो, त्याला दात किडणे किंवा दंतक्षय म्हणतात. जगात सर्वाधिक आढळणाऱ्या आजारांत त्याची गणना होते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे मिळून होणाऱ्या खानदेशात ‘मना दात दुखी ऱ्हायना’ (माझा दात दुखतो आहे) म्हणत माणूस दवाखान्यात येतो, तेव्हा कीड बहुधा दाताच्या नसेजवळ पोचलेली असते. त्याआधीचा मोठा काळ दात मुळीच दुखत नाही, आणि उपचार सोपा व स्वस्त असतो तो नेमका त्याच काळात.

दातांवर सतत एक चिकट थर बसत असतो. त्यातले स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्ससारखे जिवाणू साखर आणि पिठूळ अन्न खाऊन आम्ल सोडतात. तोंडातला पीएच (आम्लतेचे माप; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की दाताच्या बाहेरच्या कवचातून, म्हणजे इनॅमलमधून, कॅल्शियम व फॉस्फेट निघू लागतात. लाळ हे आम्ल अर्ध्या ते एका तासात निवळवते आणि गेलेली खनिजे काही प्रमाणात परत बसवते. म्हणून गोड किती खाल्ले याइतकेच, किंबहुना जास्त, महत्त्व दिवसातून किती वेळा खाल्ले याला आहे. होळी-पाडव्याला मुलांच्या गळ्यात साखरेचे हार आणि हातात कडे घालतात. तोच हार मूल जेवणानंतर एका बैठकीत खाऊन चूळ भरेल, तर नुकसान मर्यादित राहते. दिवसभर गाठी चोखत हिंडेल, तर लाळेला सावरायला वेळच मिळत नाही. दुकानावर, बांधावर घडीघडी घेतलेल्या गोड चहाचेही तेच. केळीचे वेफर्स खारे म्हणून निर्धोक वाटतात, पण त्यांचा लगदा दाढेच्या खाचांत तासन्‌तास चिकटून राहतो. उन्हाळ्यात भुसावळ-जळगावकडे पारा 45 अंशांवर जातो तेव्हा शीतपेयाची बाटली घोटघोट पुरवली जाते. तिच्यात साखर आणि आम्ल दोन्ही असतात. माठातले पाणी केव्हाही बरे.

कीड सुरू होते तेव्हा दातावर खडूसारखा मळकट पांढरा डाग दिसतो. या टप्प्यावर फ्लोराइडची टूथपेस्ट, नीट घासणे आणि खाण्याच्या वेळा आवरणे एवढ्यानेही ती थांबू शकते. पुढे डाग तपकिरी-काळा होतो, बारीक भोक पडते आणि कीड आतल्या मऊ थरात, डेंटिनमध्ये, पसरते. बोंडअळी लागलेले कपाशीचे बोंड बाहेरून धड दिसते आणि फोडल्यावर आत कवडी, म्हणजे खराब कापूस, निघते, तशीच ही दाढ असते. दातात मात्र कुठलीही अळी नसते. भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेतल्यावर ‘किडे पडले’ म्हणून दाखवतात, ते बियांचेच बारीक तुकडे असतात. दाताच्या किड्याची ही कल्पना फ्रेंच दंतवैद्य पियेर फोशार यांनी 1728 मध्येच नाकारली होती, आणि 1890 मध्ये अमेरिकी दंतवैद्य मिलर यांनी जिवाणू व आम्ल यांचा संबंध मांडला.

थंड किंवा गोड लागताच कळ येणे, अन्न एकाच जागी अडकणे, जीभ लावली की खडबडीत कडा जाणवणे, यांपैकी काहीही जाणवले तर त्याच आठवड्यात दंतवैद्याकडे जावे. या वेळी बहुधा सिमेंट भरून काम भागते. गरम लागल्यावर उठलेली कळ बराच वेळ टिकत असेल किंवा ठणक्याने रात्री जाग येत असेल, तर नस सुजलेली आहे. तेव्हा रूट कॅनाल किंवा दात काढणे हेच पर्याय उरतात. अनेकजण मेडिकलमधून गोळी आणून दिवस काढतात आणि एके दिवशी दुखणे आपोआप थांबते. हा सर्वांत फसवा टप्पा आहे. दात बरा झालेला नसतो, नस मेलेली असते, आणि संसर्ग मुळाखालच्या हाडात सरकत असतो. गाल किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड न उघडणे, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास यांपैकी काही दिसले, तर सकाळची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे. ही सूज गळ्यात उतरून जीव जाऊ शकतो.

लवंगेच्या तेलातले युजेनॉल थोडा वेळ बधिरता आणते, कीड थांबवत नाही. मिश्रीचे तसेच. भाजलेली तंबाखू हिरडीवर चोळल्याने दुखणे दबल्यासारखे वाटते. पण हिरड्या खाली सरकून मुळे उघडी पडतात, तिथे नवी कीड धरते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. वरची दाढ काढली की नजर जाते, या भीतीने कितीतरी वयस्क माणसे सडकी दाढ तोंडात बाळगतात. दाढेच्या मुळांचा आणि दृष्टीच्या नसेचा काहीही संबंध नाही.

मुलांच्या बाबतीत एक दाढ विशेष लक्ष देण्यासारखी आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे घरच्यांना ती दुधाचीच वाटते आणि किडली तरी ‘पडेल आपोआप’ म्हणून सोडून दिली जाते. ती परत येत नाही. खोल खाचा सीलंटने, म्हणजे दंतवैद्य लावतात त्या संरक्षक लेपाने, बुजवल्या तर ती वाचते. पेस्ट निदान 1000 पीपीएम (दहा लाख भागांत 1000 भाग) फ्लोराइडची असावी: तीन वर्षांखालील बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी, सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवू नये. वरचे पुढचे दात त्यानेच आधी जातात.

धुळ्यात दंत महाविद्यालय आहे. पण नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून दंतवैद्याकडे जायचे तर दिवसाची मजुरी बुडते, म्हणून दुखेपर्यंत थांबणाऱ्यांना बेफिकीर म्हणणे अन्यायाचे आहे. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते. तपासणीत मुलांचे दातही पाहिले जातात, आणि पथकाने पुढे पाठवलेल्या मुलाचे उपचार सरकारी रुग्णालयात मोफत होतात.