फिनिशियाचे उत्खनन: लेख हाती लागले, थर हातचे गेले

फिनिशिया म्हणजे आजच्या लेबनॉन-सीरियाच्या किनाऱ्यावरचा प्राचीन प्रदेश. तिथली फिनिशियन लिपी १७५८ मध्येच उलगडली होती. माल्टातल्या ग्रीक-फिनिशियन द्विभाषिक कोरीव लेखावरून फ्रेंच विद्वान बार्तेलेमी यांनी ती वाचली. खुद्द फिनिशियात कुदळ पडायला मात्र पुढे शंभर वर्षे लागली. १८५५ मध्ये सैद्याजवळ (प्राचीन सिडॉन) राजा दुसरा एश्मुनाझार याची काळी दगडी शवपेटी सापडली. तिच्या झाकणावर २२ ओळींचा लेख होता. पेटी पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात पोहोचली आणि असे आणखी लेख मिळतील, ही आशा बळावली.

लेबनॉनमध्ये १८६० साली झालेल्या ख्रिश्चनांच्या हत्याकांडानंतर फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याने तिथे सैन्य उतरवले, त्याच्याबरोबर फ्रेंच विद्वान एर्नेस्त रनाँ यांची मोहीमही आली. खोदायला सैनिक मिळाले. जुबैल (बिब्लॉस), सैदा, सूर (टायर) आणि उत्तरेकडचा अम्रीत-तार्तूस परिसर त्यांनी पालथा घातला, पण लेख फारसे मिळाले नाहीत. यातल्या बहुतेक बंदरांत पुढेही वस्ती होतच राहिली होती. जुने चिरे उपसून नवी बांधकामे झाली होती. जुबैलचा क्रुसेडर किल्ला त्याचेच उदाहरण. वस्तीखाली खणता येईना, म्हणून मोर्चा गावाबाहेरच्या थडग्यांकडे वळला. तीही बहुतेक लुटलेली.

लुटलेल्या थडग्याचा काळ ठरवणे अवघडच. १९२२ मध्ये जुबैलचा समुद्राकडचा कडा ढासळून राजांची थडगी उघडी पडली. पुढच्या वर्षी फ्रेंच संशोधक प्येर माँते यांना तिथेच बिब्लॉसचा राजा अहिराम याची लेख कोरलेली शवपेटी मिळाली. थडग्यात इजिप्तचा राजा दुसरा रामसेस (इ.स.पू. तेरावे शतक) याच्या नावाचे भांड्याचे तुकडे होते, म्हणून माँते यांनी पेटी इ.स.पू. तेराव्या शतकातली मानली. अक्षरांचे वळण मात्र इ.स.पू. १००० च्या आसपासचे. भरावच चिवडलेला, तेव्हा तुकड्यांच्या भरवशावर लेखाचा काळ कसा ठरवणार?

फ्रेंच पुरातत्त्वज्ञ मॉरिस द्युनाँ यांनी १९२६ पासून जुबैलमध्ये जे केले, ते जास्त महागात पडले. सगळी टेकडी त्यांनी २० सेंटिमीटरच्या सपाट कापांनी उतरवली. नोंदी ठेवायला सोपी पद्धत, पण जमिनी उतरत्या असतात. नंतरच्या लोकांचे खड्डे आणि पाये जुन्या थरांत घुसलेले असतात. अशा कापात जुन्या जमिनीवरचे खापर आणि शेजारच्या खड्ड्यातले कित्येक शतकांनंतरचे खापर एकाच पातळीत नोंदले जाते. पुढच्या संशोधकांना भिंतींचे नकाशे आणि उंचीचे आकडे ताडून कालक्रम नव्याने जुळवावा लागला.

वस्तीखाली न दबलेली जागा निवडून थरांनुसार खणण्याचे काम १९६९ मध्ये अमेरिकन पुरातत्त्वज्ञ जेम्स प्रिचर्ड यांनी सराफंदला (प्राचीन सारेप्ता) सुरू केले. तिथे कुंभारांच्या भट्ट्या निघाल्या.