बेस गिटारचा आवाज पिकअपमध्ये किती आणि वायरिंगमध्ये किती?

बेस गिटारचा आवाज मनासारखा लागत नसला की बहुतेकांच्या मनात आधी नवा पिकअप, म्हणजे तारांखाली बसून त्यांच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करणारा भाग, येतो. माझे मत असे, की हा विचार थोडा उशिरा करावा. पिकअप एकटा काही करत नसतो. त्याची कॉइल, व्हॉल्यूम आणि टोनचे पॉट (बटणाखालचे बदलते रोधक), टोनचा कपॅसिटर (वीजभार साठवणारा छोटा भाग) आणि अँपपर्यंत जाणारी केबल मिळून एकच सर्किट होते, आणि ऐकू येतो तो त्या सगळ्या सर्किटचा आवाज. त्यातली एक वस्तू बदलली की बाकीच्यांचे वागणेही बदलते.

पिकअपचे काम मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनावर चालते. पिकअपमधल्या चुंबकामुळे वरची पोलादी तार स्वतःच थोडी चुंबकित होते. ती हलली की कॉइलमधून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि कॉइलमध्ये तारेच्याच लयीत वीजदाब तयार होतो. कॉइल म्हणजे केसाइतक्या बारीक, साधारण ०.०६ मि.मी. जाडीच्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. नायलॉनच्या तारा लावल्या तर असा पिकअप मुकाच राहतो, कारण त्याला फक्त चुंबकाला दाद देणारी तार कळते.

या रचनेचा एक परिणाम फार कमी लोक लक्षात घेतात. पिकअप तारेचे सगळे कंपन ऐकत नाही, तो बसला आहे तेवढ्याच जागेचे ऐकतो. तार मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाच्या उपस्वरांतही कंप पावत असते आणि प्रत्येक उपस्वराचे काही बिंदू स्थिर असतात. ३४ इंच लांबीच्या तारांच्या बेसवर ब्रिजपासून, म्हणजे तारा बेसच्या अंगावर जिथे टेकतात तिथून, बरोबर एकषष्ठांश अंतरावर, म्हणजे १४४ मि.मी.वर पिकअप असेल, तर मोकळ्या तारेचा सहापट वेगाचा उपस्वर त्याच्यापर्यंत जवळजवळ पोहोचतच नाही. ब्रिजजवळ मूळ स्वराचे कंपन लहान असते, त्यामुळे तिथला आवाज कडक आणि चिरका लागतो. सत्तरच्या दशकात फेंडर कंपनीच्या जॅझ बेस या मॉडेलचा ब्रिजकडचा पिकअप सुमारे एक सेंटिमीटर मागे सरकवला गेला आणि तेवढ्यानेही वादकांना फरक जाणवला. तेव्हा 'हा पिकअप तिखट आहे' असे कोणी म्हटले, की तो कुठे बसवला होता हे आधी विचारावे.

आता सर्किटकडे. कॉइलला प्रवर्तकत्व (प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा गुण) असते आणि केबलला धारिता (वीजभार साठवण्याचा गुण) असते, साधारण मीटरमागे १०० पिकोफॅरड. हे दोन गुण एकत्र आले की एका ठराविक वारंवारतेला अनुनाद होतो. त्या वारंवारतेच्या आसपास आवाज उठून दिसतो आणि तिच्या वर झपाट्याने उतरतो. पिकअपचा 'स्वभाव' आपण ज्याला म्हणतो, त्यातला मोठा भाग हा अनुनाद असतो. पाच हेन्रीची कॉइल घ्या. एकूण धारिता ३०० पिकोफॅरड असेल तर अनुनाद सुमारे ४१०० हर्ट्झवर येतो. तीच केबल लांब घेतली आणि धारिता ७०० पिकोफॅरड झाली, की तो २७०० हर्ट्झपर्यंत खाली येतो. पिकअप तोच, वादक तोच, तरी बोट तारेवरून सुटतानाचा टणत्कार बोथट होतो.

पॉट त्या अनुनादाची उंची ठरवतात. सिंगल कॉइलच्या बेसवर सहसा २५० किलोओहमचे पॉट असतात आणि ते शिखर दाबून ठेवतात. ५०० किलोओहमचे लावले की शिखर वर येते आणि आवाजाला धार येते. टोनचा पॉट पूर्ण बंद केला की ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर कॉइलच्या थेट समांतर येतो. वरच्याच कॉइलचा अनुनाद मग जवळपास ३३० हर्ट्झवर जाऊन बसतो. टोन बंद केल्यावर आवाज फक्त मंद होत नाही, त्याला एक गोल, भरीव गाभाही येतो, तो यामुळे. कपॅसिटर ०.०२२चा घातला तर हा गाभा थोडा वर सरकतो. मला बेसवरचा हा सर्वांत गुणी बदल वाटतो, कारण दोन ठिकाणी डाग दिला (सोल्डर केले) की काम झाले, आणि पटले नाही तर पहिला कपॅसिटर परत जागेवर.

पिकअपच्या जाहिरातीत किलोओहमचा आकडा ठळक असतो. तो आवाजाच्या जोराचा आकडा नव्हे. तो कॉइलचा रोध आहे, आणि कॉइलसाठी जास्त बारीक तार वापरली तर वेढे न वाढवताही तो वाढतो. चुंबक किती जोरदार, कॉइलचा आकार कसा, तारेपासून अंतर किती, यांपैकी काहीही त्या आकड्यात दिसत नाही. मल्टिमीटरवर तो पाहायचा तो कॉइल तुटलेली नाही ना, एवढ्यासाठी.

पिकअप बदलण्याचे सर्वांत सबळ कारण म्हणजे घूं, म्हणजे आसपासच्या वीजपुरवठ्यामुळे अँपमधून सतत येणारी गुणगुण. बेसला ही पीडा विशेष भोवते. मुख्य वीजपुरवठा अनेक देशांत ५० हर्ट्झचा आहे, आणि बेसच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटचा (मानेवरच्या आडव्या पट्टीचा) स्वर ४९ हर्ट्झचा असतो. जिथे पुरवठा ६० हर्ट्झचा आहे तिथे जाडीत दुसऱ्या तारेवरचा ६१.७ हर्ट्झचा स्वर शेजारी येतो. म्हणजे ही घूं गाळायला जावे तर खर्जच गाळला जातो. ती कॉइलमध्येच मारावी लागते.

लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणला, तेव्हा त्याला एकच साधी कॉइल होती. १९५७ मध्ये तिचे दोन तुकडे झाले, एक दोन जाड तारांखाली आणि दुसरा दोन बारीक तारांखाली. दोन्हींचे वेढे आणि चुंबकाचे ध्रुव एकमेकांच्या उलट. बाहेरची घूं दोन्ही कॉइलींत शिरते, पण उलट दिशेने, त्यामुळे बेरजेत शून्याजवळ येते. प्रत्येक तार मात्र एकाच तुकड्यावरून जाते, त्यामुळे तिचा आवाज अजिबात कापला जात नाही. इतक्या थोड्या सामानात इतका नेटका उपाय विद्युत वाद्यांत क्वचितच सापडतो. १९६०च्या जॅझ बेसवर हेच काम दोन वेगळे पिकअप मिळून करू शकतात, पण ते उलट ध्रुवांचे असतील आणि दोन्ही व्हॉल्यूम सारखे उघडे असतील तरच. एक कमी केला की घूं परत येते. त्यावर उपाय म्हणून त्याच आकाराच्या कव्हरात दोन कॉइली बसवलेले पिकअप मिळतात.

खर्च करण्याआधी एक चाचणी करा. बेस अँपला जोडा, व्हॉल्यूम उघडा आणि तारांवर हात ठेवा. नकोसा आवाज कमी झाला तर तो विद्युत क्षेत्रातून आलेला खरखराट आहे. आतल्या पोकळीला तांब्याची पट्टी किंवा वाहक रंग लावून ते अर्थला जोडले, की हा खरखराट बराच जातो. हात ठेवून फरक पडला नाही, पण बेस घेऊन जागच्या जागी फिरल्यावर आवाज कमी-जास्त झाला, तर ती चुंबकीय घूं आहे. तिला तांब्याच्या पट्टीने काही होत नाही. या दोन आवाजांत गल्लत झाल्याने कितीतरी जण पट्ट्या चिकटवत बसतात आणि निराश होतात.

पिकअपची उंचीही आधी पाहावी. स्क्रूड्रायव्हरचा अर्धा फेरा पुरतो. चुंबक तारेच्या फार जवळ गेला की तो तारेला ओढतो, वरच्या फ्रेटवर स्वर बेसूर लागतात आणि नाद लवकर विझतो. शेवटचा फ्रेट दाबून तार आणि चुंबक यांत दोन ते तीन मि.मी. ठेवून सुरुवात करावी आणि पुढे कानाने ठरवावे. तारांचेही तसेच. नावाजलेले बेसवादक जेम्स जेमरसन यांच्या प्रिसिजन बेसवर जुन्या, सपाट वेष्टनाच्या तारा असत आणि ते त्या क्वचितच बदलत. तो आवाज नव्या खडबडीत तारांवर कुठलाही पिकअप देणार नाही.

एवढे करूनही पिकअप बदलायचाच असेल, तर जोडीचे ध्रुव तपासा. दोन पिकअप तोंडाला तोंड लावून धरा. ओढले गेले तर ध्रुव उलट आहेत, म्हणजे घूं मारणारी जोडी जमू शकते. ढकलले गेले तर वायरिंग कसेही करा, भरीव आवाज आणि शांतता दोन्ही एकाच वेळी मिळणार नाहीत. बसवल्यावर एकेकटे ठणठणीत वाजतात पण एकत्र पोकळ आणि खर्जहीन लागतात, असे झाले तर ते उलट फेजमध्ये आहेत, म्हणजे एकाचा सिग्नल दुसऱ्याचा खोडतो. एकाच्या दोन वायरी अदलाबदल करा. त्याआधी धातूचे कव्हर अर्थच्या वायरीला जोडलेले नाही ना, ते पाहून घ्या, नाहीतर कव्हरच सिग्नलला जोडले जाईल. पॉटच्या पाठीवर डाग देताना सोल्डरिंगची इस्त्री पुरेशी तापलेली असावी आणि थोडाच वेळ टेकवावी. थंड डाग मळकट, दाणेदार दिसतो आणि पुढे तोच कुरकुरतो.

अ‍ॅक्टिव्ह प्रिअँप, म्हणजे बेसच्या आतच बसणारा आणि बॅटरीवर चालणारा छोटा प्रवर्धक, ही त्यापुढची पायरी. १९७६ च्या म्युझिक मॅन स्टिंगरेमध्ये तो कारखान्यातूनच येत असे. त्याचा खरा फायदा खर्ज वाढवण्याच्या खटक्यापेक्षा वेगळा आहे. प्रिअँपनंतर सिग्नलचा प्रतिरोध कमी होतो, त्यामुळे केबल कितीही लांब घेतली तरी कॉइलचा अनुनाद जागचा हलत नाही. ज्यांना टोन बंद करून मिळणारा तो गोल गाभा हवा आहे, त्यांनी मात्र पॅसिव्ह वाट (प्रिअँप टाळून जाणारी) चालू ठेवणारा खटका असलेलाच प्रिअँप घ्यावा, आणि त्या वाटेवर टोनचा पॉट काम करतो ना, हे विकत घेण्याआधी त्याच्या वायरिंगच्या आकृतीत पाहावे. बॅटरी ९ व्होल्टची असते आणि केबल जॅकमध्ये घातली की चालू होते, म्हणून वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवायची.