पोटामागच्या एमआरआयला निघण्याआधी कागद तपासा

मूत्रपिंडं, अ‍ॅड्रिनल ग्रंथी, महाधमनी आणि तिच्या कडेच्या लसिकागाठी पोटाच्या पडद्यामागे, कण्यालगत असतात. तिथल्या गाठीबद्दल सीटीनंतरही शंका उरली की एमआरआय सांगतात. तपासणी ३०-४५ मिनिटांची; लोक परत जातात ते मात्र कागदांपायी.

पहिली अडचण चिठ्ठी. नुसतं 'एमआरआय पोट' चालत नाही, कारण काय शोधायचं त्यावर फोटो कसे घ्यायचे ते ठरतं. अ‍ॅड्रिनलची साधी गाठ ओळखायची तर तिच्या पेशींतली चरबी दाखवणारे खास फोटो लागतात. महाधमनीभोवती तंतुमय जाळं होऊन मूत्रवाहिनी आवळली गेली असेल तर बहुधा कॉन्ट्रास्टही (फोटो स्पष्ट यावा म्हणून शिरेतून देतात ते औषध) लागतं. डॉक्टरांकडून एक ओळ जास्त लिहून घ्या. जुन्या सीटीची सीडीही आणा, नुसता रिपोर्ट नको; गाठ वाढली का, हे चित्रं शेजारी ठेवूनच कळतं.

दुसरी अडचण, आणि सगळ्यात चिवट: इम्प्लांटचं, म्हणजे शरीरात बसवलेल्या वस्तूचं कार्ड. ते कुणाकडेच नसतं! 'शरीरात धातू आहे का?' याला लोक झटकन 'नाही' लिहितात आणि कपडे बदलताना म्हणतात, "अहो, डोक्यात एक क्लिप आहे, पण तिला बारा वर्षं झाली." क्लिप जुनी म्हणून निर्धोक ठरत नाही, मॉडेल कळावं लागतं. पेसमेकर काही यंत्रांत चालतो, पण १.५ टेस्लाला (टेस्ला म्हणजे यंत्रातल्या चुंबकाच्या ताकदीचं माप) मंजूर असलेला ३ टेस्लाला चालेलच असं नाही. कार्ड हरवलं असेल तर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयातून ऑपरेशनची नोंद मागवा. त्याला दिवस लागतात, म्हणून तारीख घेण्याआधीच मागवा. लेथवर किंवा वेल्डिंगचं काम करताना डोळ्यात कण गेला असेल तर तेही सांगा; आधी एक्स-रे काढतात.

तिसरी अडचण क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं कशी चालतात ते दाखवणारी रक्ततपासणी. कॉन्ट्रास्टमधलं गॅडोलिनियम मूत्रपिंडातून बाहेर पडतं. ईजीएफआर (क्रिएटिनिनवरून काढलेला, मूत्रपिंडं रक्त किती गाळतात तो आकडा) ३० च्या खाली असेल तर कुठलं द्यायचं, द्यायचं की नाही, हे डॉक्टर ठरवतात. सहा महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट पुढे करून वाद घालू नका, केंद्राला किती ताजा लागतो ते फोनवर विचारा. गरोदर असाल किंवा शक्यता असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा.

उपाशी किती तास राहायचं ते केंद्र सांगेल. तोवर घरी पंधरा-वीस सेकंद श्वास धरून बघा. आत तेच पुन्हा पुन्हा करायला लावतात, आणि मध्येच श्वास सुटला की फोटो पुसट येतो.