इम्युनोथेरपी म्हणजे इम्युनिटी बूस्टर नव्हे

नातेवाईकांकडून व्हॉट्सॲपवर सारखे मेसेज येतात की अमुक काढा घ्या, इम्युनिटी वाढेल, कॅन्सर जवळ फिरकणार नाही. आणि खाली प्रश्न असतो, "तू त्या कॅन्सर इम्युनोथेरपीच्या लॅबमध्ये रिसर्च असिस्टंट आहेस ना, तुमच्याकडे पण हेच करतात ना?" नाही, हे करत नाहीत, अजिबात नाही. इम्युनोथेरपी म्हणजे शरीराच्याच प्रतिकारपेशींना कॅन्सर ओळखून मारायला लावणं. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं.

ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) पेशंटच्या रक्तात टी-पेशी, म्हणजे बिघडलेल्या पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, असतातच, पण कॅन्सरची पेशी शेजारून गेली तरी त्यांना ती शत्रू वाटत नाही. प्रत्येक पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे छोटे तुकडे एमएचसी नावाच्या रेणूवर ठेवून बाहेर दाखवते, दुकानाच्या काचेत नमुने मांडतात तसं, आणि टी-पेशी फक्त हे नमुने तपासते. कॅन्सरच्या बऱ्याच पेशी एमएचसीच कमी करून टाकतात. मग काढ्याने काय, कशानेही टी-पेशींची संख्या वाढवली तरी त्या बघणार काय?

यावरचा उपाय मला आजही थक्क करतो. १९८९ मध्ये इस्रायलमधल्या वाइझमन इन्स्टिट्यूटच्या झेलिग एशार यांनी अँटीबॉडीचं (शत्रूला चिकटणाऱ्या प्रथिनाचं) टोक थेट टी-पेशीच्या रिसेप्टरला, म्हणजे तिच्या पृष्ठभागावरच्या ओळखणाऱ्या प्रथिनाला, जोडून दाखवलं. अँटीबॉडीला एमएचसी लागत नाही, ती पेशीवरचं प्रथिन जसं आहे तसं पकडते. यातूनच पुढे काइमेरिक अँटीजन रिसेप्टर आला, म्हणजे सीएआर किंवा आपण म्हणतो तो कार. त्याची बाहेरची बाजू बी-पेशींवरचं (या अँटीबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी, त्यांचाही कॅन्सर होतो) सीडी१९ हे प्रथिन पकडते आणि आतली शेपटी म्हणजे सीडी३-झीटा, टी-पेशीला सिग्नल देणारा तुकडा. कार सीडी१९ ला चिकटला की झीटावरच्या आयटॅम नावाच्या जागांवर एलसीके हे एन्झाइम फॉस्फेट चिकटवतं, त्या फॉस्फेटच्या जोडीवर झॅप-७० येऊन बसतं, ते पुढच्या प्रथिनांना फॉस्फेट लावतं, कॅल्शियम वाढतं, आणि टी-पेशी आतले कण वळवून बरोबर त्या संपर्काच्या जागी आणून सोडते. त्यातलं परफोरिन समोरच्या पेशीच्या पडद्याला भोकं पाडतं, ग्रॅन्झाइम आत शिरतं आणि ती पेशी स्वतःच मरायला लागते. पण नुसत्या झीटावाल्या पहिल्या पिढीच्या टी-पेशी शरीरात टिकतच नव्हत्या, मग त्यात दुसरा सिग्नल घातला, सीडी२८ किंवा ४-१बीबी. सीडी२८ वाल्या झटकन पेटतात, ४-१बीबी वाल्या जास्त काळ राहतात. माझ्या मते खरी क्रांती इथे झाली.

आमचं रोजचं काम यातलंच. डोनरचं रक्त फायकॉल नावाच्या जड द्रावणावर हळूच सोडून सेंट्रिफ्यूज करायचं, मधली पांढऱ्या पेशींची पांढुरकी रिंग पिपेटने उचलायची, टी-पेशी वेगळ्या करून बीड्सने (बारीक मण्यांनी) जाग्या करायच्या आणि मग कारचा जीन लेंटिव्हायरसने आत घालायचा (हा एचआयव्हीपासूनच बनवलेला, पण स्वतःच्या प्रती काढू न शकणारा). जाग्या झालेल्या पेशी मोठ्या होतात, गुच्छ करतात, आणि लाल मीडिया (पेशी वाढवायचं द्रावण) पिवळा पडायला लागतो कारण त्या भराभरा वाढताना लॅक्टिक ॲसिड सोडतात. तो पिवळा रंग दिसला की मला फार बरं वाटतं. दिवाळी असो की रविवार, मीडिया बदलायला यावंच लागतं. मग फ्लो सायटोमेट्रीवर (एकेक पेशी तपासणाऱ्या यंत्रावर) बघायचं की किती पेशींवर कार आलाय, आणि शेवटी कॅन्सरच्या पेशींबरोबर को-कल्चर, म्हणजे दोन्ही एकत्र ठेवून कॅन्सर मरतो का ते बघायचं.

"इम्युनिटी वाढवा" म्हणणाऱ्यांनी एमिली व्हाइटहेडची गोष्ट वाचावी. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात ल्युकेमियाच्या या ६ वर्षांच्या मुलीला कार-टी पेशी (कार बसवलेल्या तिच्याच टी-पेशी) दिल्या आणि तिची प्रतिकारशक्ती इतकी भडकली की ती जवळजवळ गेलीच होती. रक्तात आयएल-६ हे दाह वाढवणारं प्रथिन प्रचंड वाढलेलं, मग संधिवातावरचं टोसिलिझुमॅब हे औषध देऊन ते रोखलं तेव्हा ती वाचली, आणि कॅन्सरही गेला. म्हणजे वाढलेली इम्युनिटी हाच तिथे धोका होता. काढ्याच्या नादात पेशंटचे महिने वाया जातात याचा मला मनापासून राग येतो.

आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून नेक्सकार१९ हा कार-टी उपचार बनवला, ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. तेव्हा अमेरिकेत ज्याला ३-४ कोटी लागायचे त्याच्या साधारण दहाव्या भागात हे होतं, आणि याचा अभिमान वाटायलाच हवा. पण "भारताने कॅन्सरवर औषध शोधलं" अशा बातम्या चुकीच्या आहेत. हे उलटलेल्या किंवा औषधांना न जुमानणाऱ्या बी-पेशींच्या कॅन्सरसाठी आहे, बस्स.

बी-पेशीच का, तर सीडी१९ निरोगी बी-पेशींवरही असतं, त्याही मरतात, पण त्यांच्याशिवाय माणूस बाहेरून इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटीबॉडी) घेऊन जगू शकतो. फुप्फुसाशिवाय नाही जगू शकत. एचईआर२ या काही गाठींच्या कॅन्सरवर असणाऱ्या प्रथिनासाठी बनवलेल्या कार-टी पेशींनी अमेरिकेतल्या एका पेशंटचा जीव गेला, २०१० मध्ये ते प्रसिद्ध झालं, कारण फुप्फुसाच्या पेशींवरही थोडं एचईआर२ होतं आणि टी-पेशींना तेवढं पुरलं असावं. म्हणून गाठीच्या कॅन्सरसाठी नवीन टार्गेट आलं की आम्ही को-कल्चरच्या प्लेटमध्ये कॅन्सरच्या पेशींशेजारी निरोगी पेशींच्याही विहिरी (प्लेटमधले खळगे) भरतो, आणि त्या मरायला लागल्या तर ते टार्गेट तिथेच सोडून देतो, कॅन्सर कितीही छान मरत असला तरी.