हनुका म्हणजे ‘ज्यूंचा ख्रिसमस’ नव्हे

लहान मुलांना हनुका शिकवताना ‘ज्यूंचा ख्रिसमस’ म्हणून मोकळं होऊ नका. येशूच्या जन्माआधी दीडशेहून अधिक वर्षं, इ.स.पू. १६४ च्या सुमारास, मक्काबी या ज्यू बंडखोरांनी सेल्युसिड या ग्रीक घराण्यातला राजा चौथा अँटिओकस याच्या ताब्यातून सोडवलेलं जेरुसलेमचं मंदिर शुद्ध केलं, त्याची ही आठवण. आठ रात्री रोज एक दिवा वाढवायचा, तळलेलं खायचं, भोवरा फिरवायचा. भेटवस्तूंचा सोस वाढला तो अमेरिकेत. धर्माच्या दृष्टीने सण छोटाच, कामही बंद नसतं. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंच्या जुन्या परंपरेत तर तो नव्हताच!

मुलांना आधी पेसाह हा ज्यूंचा मोठा सण सांगा. त्या रात्री जेवणाआधी घरातलं धाकटं मूल विचारतं, “आजची रात्र वेगळी का?” मग मोठ्यांना इजिप्तमधल्या गुलामगिरीतून सुटकेची गोष्ट सांगावीच लागते.