कतार आणि मोझांबिक एकाच रांगेत कसे? जीडीपीच्या मानाने गॅसचा साठा, आणि त्यामागचा इतिहास

कोल्हापुरात गॅस म्हटलं की आता फक्त लाल सिलिंडर राहिला नाही. दाभोळहून बेंगळुरूला जाणारी 'गेल' या सरकारी गॅस कंपनीची पाइपलाइन 2013 ला सुरू झाली, ती आपल्या जिल्ह्यातून जाते, मग सीएनजीचे पंप आले, रिक्षा त्यावर वळल्या, आणि भारतात बाहेरून येणाऱ्या एलएनजीत, म्हणजे थंड करून द्रव केलेल्या गॅसमध्ये, सगळ्यात मोठा वाटा कतारचा, त्यामुळं कतारमध्ये काय चाललंय हा विषय आपल्याला लांबचा नाही. म्हणून हा आकडा नीट समजून घेण्यासारखा आहे, की एखाद्या देशाकडं जीडीपीच्या मानाने गॅसचा साठा किती.

हिशोब सोपा आहे. कतारकडं साधारण 24.7 लाख कोटी घनमीटर गॅस आणि जीडीपी वीस-बावीस हजार कोटी डॉलर, म्हणजे जीडीपीच्या दर डॉलरमागं 100 च्या पुढं घनमीटर. मोझांबिककडं साधारण 2.8 लाख कोटी घनमीटर, जीडीपी दोन हजार कोटी डॉलरच्या आसपास, तिथंही दर डॉलरमागं 100 च्या वरच. रशियाचा साठा जगात एक नंबर, पण अर्थव्यवस्थाही मोठी, म्हणून वीसच्या आतबाहेर. अमेरिका अर्धा घनमीटर, आपला भारत त्याहून थोडा कमी. आता बघा, कतारमध्ये माणशी जीडीपी 80 हजार डॉलरच्या घरात आणि मोझांबिकमध्ये 600 च्या आसपास, तरी या यादीत दोघं शेजारी शेजारी बसतात.

कारण हा आकडा दोन वेगळ्या गोष्टींचा भागाकार आहे. साठा म्हणजे रानात उभा असलेला ऊस, आणि जीडीपी म्हणजे घरात वर्षाला सगळीकडून मिळून येणारी कमाई, त्यामुळं ज्याच्या घरात दुसरी काही कमाईच नाही त्याचा ऊस कागदावर प्रचंड दिसणार, आणि तोडणी टोळी आली का, रस्ता आहे का, हे त्या कागदावर कुठंच दिसत नाही. माझं म्हणणं एवढंच, की हा आकडा वाचायचा असेल तर गॅस सापडायच्या आधी त्या देशाकडं काय होतं आणि सापडल्यावर तो बाहेर काढून विकायला किती वर्षं गेली, हे आधी बघायला पाहिजे.

सुरुवात नेदरलँड्सपासून करावी लागते. 1959 च्या जुलैमध्ये ग्रोनिंगेन भागात स्लोख्टेरेनजवळ, बीटच्या रानात खोदलेल्या विहिरीला गॅस लागला. सुरुवातीला अंदाज छोटा होता, मग वाढत वाढत तो 2.8 लाख कोटी घनमीटरवर गेला, म्हणजे जवळपास आज मोझांबिककडं आहे तेवढाच. पण नेदरलँड्सकडं कारखाने होते, बंदरं होती, चारी बाजूला पैसेवाली गिऱ्हाईकं होती, त्यामुळं दहा-बारा वर्षांत घरोघरी पाइप गेले आणि शेजारच्या देशांनाही विक्री सुरू झाली. तरीसुद्धा त्रास झालाच. गॅसच्या निर्यातीनं त्यांचं चलन महाग झालं, बाकीच्या कारखान्यांचा माल परदेशात महाग पडायला लागला आणि नोकऱ्या गेल्या, 1977 मध्ये 'द इकॉनॉमिस्ट' या ब्रिटिश साप्ताहिकानं त्याला 'डच डिसीज' म्हटलं ते नाव अजून चालतं. पुढं गॅस उपसून उपसून जमीन हलायला लागली, 2012 मध्ये हाउझिंगं गावाजवळ 3.6 रिश्टरचा भूकंप झाला, घरांना तडे गेले, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये उपसा बंद केला. खाली गॅस शिल्लक असताना बंद केला, हे महत्त्वाचं आहे.

त्याच 1959 साली दुसरी एक गोष्ट घडली आणि माझ्या मते ती जास्त मोठी होती. 'मिथेन पायोनियर' नावाचं जहाज, दुसऱ्या महायुद्धातलं जुनं मालवाहू जहाज बदलून केलेलं, आत अॅल्युमिनियमच्या टाक्या आणि थंडावा टिकावा म्हणून बाल्सा लाकूड, अमेरिकेतल्या लुईझियानाहून द्रवरूप गॅस घेऊन इंग्लंडच्या कॅन्वी बेटावर पोचलं. गॅस उणे 162 अंशापर्यंत थंड केला की द्रव होतो आणि जागा सहाशेपट कमी लागते. त्याआधी पाइप जाईल तिथंच गॅसला किंमत होती, समुद्रापलीकडचं गिऱ्हाईक नव्हतंच.

कतारचं नशीब या जहाजानं बदललं, पण लगेच नाही. तिथं पूर्वी मोत्यांचा धंदा होता, आखातातला मोती मुंबईच्या बाजारात यायचा, आणि 1966 पर्यंत तिथं रुपयाच चालायचा. 1920-30 च्या दशकात जपानी कल्चर्ड मोती आले आणि धंदा बसला. 1971 मध्ये, ज्या वर्षी कतार स्वतंत्र झाला त्याच वर्षी, शेल या तेल कंपनीला समुद्रात नॉर्थ फील्ड हा गॅसचा साठा सापडला आणि ती निराशाच होती, कारण शोध तेलाचा चालला होता. पुढची जवळजवळ वीस वर्षं तो साठा तसाच पडून होता, म्हणजे डॉलरमागचा आकडा तेव्हाही प्रचंडच असणार, पण हातात काही नाही. 1984 मध्ये कतारगॅस कंपनी झाली, 1991 मध्ये देशापुरता गॅस निघाला, 1992 मध्ये त्यातून ब्रिटनची तेल कंपनी बीपी बाहेर पडली आणि अमेरिकेची मोबिल आली, 1995 मध्ये शेख हमद सत्तेवर आले आणि त्यांनी भरपूर कर्ज काढून एलएनजीचे प्लांट उभे केले. 1997 च्या सुरुवातीला पहिलं जहाज जपानला पोचलं. ज्या जपाननं मोत्याचा धंदा बसवला तोच पहिला गिऱ्हाईक झाला.

आपलं नातं यानंतरचं. 1999 मध्ये एलएनजी आयात करणाऱ्या आपल्या पेट्रोनेट कंपनीनं कतारच्या रासगॅस कंपनीबरोबर वर्षाला 75 लाख टनांचा 25 वर्षांचा करार केला, 2004 पासून गुजरातमधल्या दहेज बंदरात जहाजं यायला लागली, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये तो करार 2048 पर्यंत वाढवला.

इराण नॉर्थ फील्डचाच जोडीदार, त्याच साठ्याच्या त्याच्या बाजूला साउथ पार्स म्हणतात, पण निर्बंधांमुळं एलएनजी कधी जमलं नाही. तुर्कमेनिस्तानचा डॉलरमागचा आकडा तर कतारपेक्षाही मोठा, पण खुल्या समुद्राला लागून किनारा नाही, 2009 मध्ये चीनला पाइपलाइन झाली आणि मुख्यतः एकाच गिऱ्हाईकावर देश टेकला.

आणि मोझांबिक. 2010 पासून उत्तरेला रोवुमा खोऱ्यात समुद्राखाली साठे सापडत गेले. गॅस निघायच्या आधीच 2013-14 मध्ये सरकारी कंपन्यांनी मासेमारी बोटी आणि सागरी सुरक्षेच्या नावाखाली सुमारे 200 कोटी डॉलरची कर्जं घेतली, त्यातलं बरंचसं लपवून, 2016 मध्ये ते बाहेर आलं आणि नाणेनिधीनं पैसे थांबवले. 2017 पासून गॅसच्याच काबो देल्गादो प्रांतात सशस्त्र बंडखोरी सुरू झाली, मार्च 2021 मध्ये पाल्मा गावावर हल्ला झाला आणि टोटलएनर्जीज या फ्रेंच कंपनीनं तिथल्या मोठ्या एलएनजी प्रकल्पाचं काम थांबवलं. त्या प्रकल्पात ओएनजीसी विदेश, भारत पेट्रोलियम आणि ऑइल इंडिया यांचा मिळून 30 टक्के वाटा आहे, म्हणजे तेव्हा थांबलेलं ते काम आपल्या पैशाचंही होतं. दुसऱ्या बाजूला, समुद्रात तरंगत्या कोरल सुल प्लांटमधून नोव्हेंबर 2022 ला पहिली निर्यात झाली, आणि डिसेंबर 2023 मध्ये तिथल्या संसदेनं कायदा केला की पहिली 15 वर्षं गॅसच्या सरकारी उत्पन्नातले 40 टक्के राखीव फंडात आणि 60 टक्के बजेटमध्ये जातील.